वॉर्डातली पाचवी

आज डाव्या मांडीची पाळी की उजव्या मांडीची, हे सिस्टरना कधी लक्षात ठेवावं लागलं नाही. ते काम आमच्याकडे होतं, माझ्याकडे आणि शेजारच्या खाटेवरच्या घोटीकडच्या बाईकडे. सकाळी औषधांच्या ट्रॉलीचं चाक दारापाशी कुरकुरलं की ती तिकडून आधीच ओरडायची, "आज उजवी हाय गं!" मग मी लेकीचं दुपटं सोडायला घ्यायचे आणि भीतीनं माझ्या हातून गाठ सुटायच्या ऐवजी आवळायची. सिस्टर म्हणायच्या, "सुई हिला आहे, तुला नाही." रोज हेच म्हणायच्या, आणि रोज मला थोडं हसू यायचं.

सात वर्षं झाली त्याला. तरी इंदिरानगरच्या बोगद्यातून पोळ्यांच्या कामाला जाताना एखाद्या हातगाडीचं चाक तसं कुरकुरतं आणि मला तो सरकारी दवाखान्यातला वॉर्ड आठवतो. माहेर आठवावं तसा आठवतो. कुणाला सांगायला गेलं तर वेडी म्हणतील. जीव मुठीत धरून काढलेले दिवस, त्यांची कसली आलीय गोडी? पण आहे खरी. फिनाईलचा वास, खिडकीला टेकलेलं बदामाचं झाड, दुपारची पातळ खिचडी, आणि चार खाटांवरच्या चार बायका, ज्यांना एकमेकींच्या लेकरांची शी-शू सुद्धा पाठ होती.

माझं गाव किनवटच्या पुढं, जंगलाच्या कडेला. तिथून नाशिकला यायचं म्हणजे आधी जीप, मग एसटी, मग नांदेडहून दिवसभराची रेल्वे. सातवीनंतर माझी शाळा सुटली, कारण आठवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि वाटेत नाला होता. लग्न झालं आणि नाशिकला आले. नवरा फरशी बसवायचं काम करतो. बोगद्याच्या पलीकडे एक खोली घेतली होती. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुढं त्याचाच मला आधार झाला.

सहावा महिना सरत आला तेव्हा आरोग्य केंद्रात नाव घातलं. उशीरच झाला होता. रक्त घेतलं, माता-बालकाचं कार्ड मिळालं. आठ दिवसांनी तिथल्या सल्ला देणाऱ्या ताईंनी मला एकटीला आत बोलावलं आणि पडदा ओढला. त्यांनी शब्द फिरवले नाहीत.

"तुझ्या रक्तात सिफिलिसचे जंतू निघालेत. ऐकलंयस कधी हे नाव?"

नव्हतं ऐकलं. मग त्यांनी सोपं करून सांगितलं आणि मला कळलं. आमच्याकडे म्हातारी माणसं त्याला गरमी म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली आणतात. मी पदर डोळ्यांना लावला.

"रडू नकोस, इकडं बघ. औषध जुनं आहे आणि चांगलं आहे. आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं. ती वेळेत झाली तर पोटातलं बाळ वाचतं, नाहीतर जंतू त्याच्यापर्यंत जातात. आणि नवऱ्याला घेऊन ये. त्यानं औषध घेतलं नाही, तर तुला पुन्हा होईल."

"पण आलं कुठून, ताई?"

"ते उकरत बसू नकोस. घालवायचं बघ."

पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी घेतलं. दोन दिवस कंबर धरून चालत होते. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो फरशी कापायच्या मशीनचं पातं पुसत होता. वर न बघताच म्हणाला, "मी धडधाकट आहे. मला काही झालेलं नाही." पातं स्वच्छ झालं तरी पुसतच राहिला. विषय तिथंच थांबला.

चार दिवसांनी चुलता मला न्यायला आला. सातव्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलंच. ताईंनी कार्डावर लिहून दिलं की उरलेली दोन गावाकडच्या केंद्रात द्यावीत. "कार्ड दाखव, बाकी काही बोलायची गरज नाही," म्हणाल्या.

कार्ड दाखवायचं कुणाला? गावाकडं गरोदर बायांना केंद्रात नेणारी आशाताई म्हणजे माझी चुलत वहिनी. मनानं चांगली, पण तिच्या पोटात बातमी दिवेलागणीपर्यंतसुद्धा टिकायची नाही. मी ते कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाला, जुन्या लुगड्याखाली घातलं. वहिनीनं विचारलं तर सांगितलं, नाशिकलाच राहिलं. मायपासूनही लपवलं. माझ्या मायला अक्षरओळख नाही. कार्ड उघडं टाकलं असतं तरी तिला त्यात रेघोट्याच दिसल्या असत्या. तरी लपवलं.

दोन महिने माहेरी काढले. मायच्या हातची अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी, दारातल्या चिंचेखाली बायकांचा घोळका, हिरवी साडी, हिरव्या बांगड्या. सगळ्या म्हणायच्या, काय तेज आलंय पोरीला! आणि पोटात लेकरू हललं की मला पेटीचा तळ आठवायचा. जेवताना, केस विंचरताना, देवाला हात जोडताना तोच. शेवटी मी बहाणा काढला, की नवऱ्याच्या जेवणाचे हाल होतायत, मला नाशिकला सोडा.

सगळ्या खदखदून हसल्या. वहिनी म्हणाली, "नवऱ्याबिगर करमंना की बाईला! पाळण्यात दोघांला घालावं लागंल आता."

माय हसली नाही. "पहिलं बाळंतपण हाय. लोक काय म्हणतेल, मायला लेकीचे दोन घास जड झाले?"

तिला तसंच दुखवून मी आले. सोमवारी सकाळी केंद्रात जायचं ठरवलं होतं. रविवारी दुपारी कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते.

लेक झाली. लहानशी, पण आवाज खणखणीत. नाक मात्र चोंदलेलं, दूध ओढताना सुरसुर वाजायचं, आणि तळपायांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत होती. सिस्टरनी कार्ड मागितलं. वाचलं. तीनपैकी एकाच चौकटीत बरोबरची खूण होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "बरं. आता हिचं बघू." त्या 'बरं'साठी मी त्यांची जन्मभराची ऋणी आहे. वॉर्डातल्या त्या सगळ्यांत जुन्या सिस्टर. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि पायात पुरुषी चपला.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. जंतू तिच्यापर्यंत गेले होते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "दहा दिवस, रोज एक इंजेक्शन. पूर्ण झालं तर मूल ठणठणीत होईल. अर्धवट राहिलं तर डोळे, कान, हाडं, कशावरही पुढं परिणाम होऊ शकतो. एकही दिवस चुकवायचा नाही. चुकला तर पहिल्यापासून मोजायचं." मी मान हलवली. त्या गेल्यावर बोटांवर मोजलं, आणि मग पुन्हा मोजलं.

घोटीकडच्या बाईनं मला काही विचारलं नाही. तिचं लेकरू वजनानं कमी होतं. दिवसभर ती त्याला छातीशी बांधून बसायची आणि आमच्याशी गप्पा मारायची. मीच एकदा म्हटलं, हिला जंतू झालाय. ती म्हणाली, "जंतूला काय, त्यो कुणालाबी व्हतो. त्याला काय आधार कार्ड दाखवावं लागतंय?" एवढं बोलून तिनं मला तिच्या घरचा गूळभात दिला. अशा वासाच्या तांदळाचा भात मी त्याआधी खाल्ला नव्हता.

चौथ्या दिवशी माय आली. एकटी, तेवढा सगळा प्रवास करून, डोक्यावर डिंकाच्या लाडवांचा डबा. तिच्या पदराला चुलीच्या धुराचा वास होता. तो नाकात गेला आणि मी लहान पोरीसारखी रडले. तिनं नातीला घेतलं, नाक बघितलं, पाय बघितले.

"दवाखान्यात कामून ठेवलंय?"

"कावीळ आहे, माय." किती सहज आलं तोंडातून! काविळीला कुणी नावं ठेवत नाही.

"व्हईल बरी. पर उद्या पाचवी हाय. उद्याच्याला लेकरू घरी पाहिजे."

पाचवी म्हणजे सटवाईचा दिवस. त्या दिवशी ती येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते. आमच्या घरात त्या दिवशी बाळाला उंबरा ओलांडू देत नाहीत, सुईसुद्धा टोचू देत नाहीत. पाटा-वरवंटा पुजतात, दिवा लावतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. मला हे सगळं ठाऊक होतं. माय हे हट्टानं बोलत नव्हती, हेही ठाऊक होतं. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. त्याच्या पाचवीला ती दुसऱ्याच्या शेतात, कापसाच्या खोपटात होती. ना पाटा, ना दिवा. नवव्या दिवशी ते लेकरू गेलं. तिनं कुणालाच दोष दिला नाही, एक स्वतःला सोडून. पोळ्याला, दिवाळीला, कधीही ती मधेच गप्प झाली की घरातले सगळे समजायचे.

"एका दिवसानं काय व्हतंय? उद्या नेऊ, परवा आनून सोडू," ती म्हणाली. आणि माझ्या नवऱ्यालाही ते पटलं. त्याला कसंही करून त्या वॉर्डातून सुटायचं होतं. तिथं कुणी ना कुणी त्याला विचारायचंच, "तुमची तपासणी झाली का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फाटकाशी रिक्षा उभी करूनच ठेवली. सिस्टर म्हणाल्या, "न्यायचं असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर सही करा. पण माझं ऐका, नेऊ नका. आज चौथी सुई आहे. आज नेली तर तीन वाया." त्यानं पेन हातात घेतलं. मायनं नातीला टोपरं घातलं, पदरात गुंडाळलं. घोटीकडची बाई माझ्याकडं बघत होती. दारापाशी ट्रॉलीचं चाक कुरकुरलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती काही ओरडली नाही.

सांगितलं तर मायच्या नजरेतून उतरले असते. नाही सांगितलं तर लेक दाराबाहेर.

"माय, कावीळ नाही."

"मंग?"

मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. आमच्याकडचा शब्द वापरला, तो, आवाज खाली आणून म्हणायचा. माझ्या रक्तातून तिला गेलंय म्हणाले. तीन सुया होत्या, मी एकच घेतली, वहिनीच्या भीतीनं. कार्ड तुझ्या घरी पेटीत दोन महिने होतं, तेही सांगितलं.

माय खाटेच्या कडेला बसली. नातीच्या टोपऱ्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मी वाट बघत होते, की आता काहीतरी म्हणेल, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिनं विचारलं, "जावईबापूनं घेतली का सुई?"

मी मान खाली घातली.

आता हे समजायला आमच्याकडचा जावई काय असतो ते माहीत पाहिजे. लग्नापासून मायनं त्याच्याशी धड नजर मिळवली नव्हती. डोक्यावरचा पदर पुढं ओढून, दाराआडून बोलायची. त्याच्या ताटात दोनदा तूप वाढायची. ती बाई उठली, त्याच्यासमोर गेली आणि म्हणाली, "जावईबापू, तुमचं काय राहिलंय?"

"मला काही झालेलं नाही, मामी."

"लेकीलाबी काही झालेलं नव्हतं, आमच्या घरून तुमच्या घरी आली तवा." आवाज वाढवला नाही तिनं. "एवढुशी पोर रोज सुई घेऊ लागलीय. तिचा बाप ढाण्या वाघासारखा दारात उभा. तुमी सुई घेऊन याल तवाच मी पाचवी मांडीन. नाईतर ऱ्हाऊ द्या."

नवऱ्याचे कान लाल झाले. सिस्टरनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि वॉर्डातल्या मावशींना म्हणाल्या, "यांना खाली तपासणीला घेऊन जा. रिक्षावाल्याला जायला सांगा."

मग माय माझ्याकडं वळली. तिचा चेहरा अजून पांढरा होता. "सुई काय, लोखंडच की," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पाचवीला लोखंड तर आपन ठेवतोच उशाशी. सोड दुपटं."

घोटीकडच्या बाईचा आवाज आला, जरा चिरका, "आज डावी हाय गं!"

लेक रडली, थांबली. चौथी झाली.

दुपारी नवरा परतला. एक पाय ओढत, दाताखाली ओठ धरून. ते इंजेक्शन कसं दुखतं ते मला माहीत होतं. घोटीकडच्या बाईनं त्याला पार खाटेपर्यंत येऊ दिलं आणि मग विचारलं, "दाजी, डावी का उजवी?" आख्खा वॉर्ड हसला. माय पदर तोंडात कोंबून हसली. शेवटी तोही हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सुईचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. पुढं एकदा त्यानं आपणहून सांगितलं, लग्नाआधी सुरतेला कामावर होतो तेव्हाचं असेल. मी ऐकून घेतलं. राग आला, बरेच दिवस राहिला. आणि तरी, सांगितलं याचं बरं वाटलं.

संध्याकाळी पाचवी मांडली. पाटा-वरवंटा कुठून आणणार? घोटीकडच्या बाईच्या नवऱ्यानं दवाखान्याच्या बागेतून एक चपटा दगड आणि एक लांबोडका गोटा धुऊन आणला. सिस्टरांची पाळी संपली होती, तरी त्या थांबल्या. "दिवा पेटवायचा नाही हां, आजी, इथं ऑक्सिजन आहे," एवढंच म्हणाल्या. मायनं न पेटवलेली वात ठेवली. घोटीकडच्या बाईनं मोबाइलची बॅटरी लावून बदामाच्या पानाखाली ठेवली. पान आतून हिरवंगार दिसायला लागलं. लोखंड म्हणून सिस्टरांची कात्री.

"कोरा कागद दे," माय म्हणाली.

कागद कुणाकडंच नव्हता. मी पिशवीत हात घातला तर हाताला ते कार्डच लागलं. पुन्हा आत सारणार होते, तेवढ्यात मायनं बघितलं.

"हेच का ते?"

"हो."

तिनं ते माझ्या हातातून घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. जिला एक अक्षर येत नाही ती माझी माय त्या चौकटींवरून बोट फिरवत होती. मग तिनं त्याला हळदीकुंकू लावलं आणि दगडाशी ठेवलं. "हेच ठेव. आतापस्तोर काय लिव्हलंय ते सटवाईलाबी दिसू दे. म्हंजी फुडचं नीट लिव्हील."

दहा सुया पूर्ण झाल्या. माझी राहिलेलीही पुन्हा पहिल्यापासून घेतली. नंतर दर काही महिन्यांनी लेकीचं रक्त तपासायला न्यायचे, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत बाकावरून उठायचे नाही. आकडा उतरत गेला, आणि एकदा रिपोर्टवर काहीच उरलं नाही. कान तपासले, डोळे तपासले, सगळं नीट. त्या दिवशी मी पेढे घेऊन वॉर्डात गेले. सिस्टर निवृत्त झाल्या होत्या. दुसऱ्याच सिस्टर होत्या. त्यांनी पेढा घेतला, पण कशाचा ते त्यांना कळलं नाही. खाटा चारच होत्या. माझ्या खाटेवर कुणी दुसरी झोपली होती. मी थोडा वेळ बदामाच्या झाडाकडं बघत उभी राहिले आणि घरी आले.

लेक आता दुसरीत आहे. वाचायचं वेड आहे तिला. दुकानांच्या पाट्या, पुड्याचे कागद, बसवरच्या जाहिराती, काही सोडत नाही. गेल्या रविवारी तिला माझ्या पेटीत ते कार्ड सापडलं, हळदीच्या डागासकट. मी पोळपाटावर होते. ती मोठ्यानं वाचायला लागली, आधी माझं नाव, मग गावाचं, मग खाली खाली जाऊ लागली. माझा हात पिठासकट पुढं गेला, कार्ड ओढून घ्यायला. नवरा दारात बसून चहा पीत होता. त्याचा कप अर्ध्यावर थांबला.

मी हात मागे घेतला. वाचू दिलं.

अवघड शब्दापाशी ती अडखळली, फोडून फोडून म्हणाली आणि विचारलं, "हे काय असतं, आई?"

"एक आजार. तू जन्मलीस तेव्हा तुला होता. माझ्याकडून आला होता. दहा सुया दिल्या, मग गेला."

"दहा?" तिनं दोन्ही हातांची बोटं पसरली. "मी खूप रडले?"

"तू थोडीच. तुझे बाबा जास्त रडले."

"त्यांना पण दहा?"

नवऱ्यानं कप खाली ठेवला. "मला तेव्हा एकच," तो म्हणाला.

ती त्याच्याकडं वळली, आणि घोटीकडच्या त्या बाईला कधी न भेटलेल्या माझ्या लेकीनं विचारलं, "डावीकडं का उजवीकडं?"